लाईट आली का?

माझ्या टेबलावर तीन कीबोर्ड आहेत आणि त्यांतला एकही मला मनापासून आवडत नाही. पहिला हौसेनं मागवलेला, खडखड वाजणारा. मीटिंगमध्ये माईक चालू राहिला की पलीकडचा विचारतो, तुमच्याकडे गारा पडतायत का. दुसरा इतका मऊ, की बटण दाबलं गेलं का नाही ते स्क्रीनवर बघूनच कळतं. तिसरा ऑफिसनं दिलेला, जुना, अर्धी अक्षरं पुसलेला. काम मी त्याच्यावरच करतो. ज्याच्याकडे लक्ष जात नाही ते अवजार चांगलं, असं माझं मत आहे. हे मत मी चार वर्षांत दहा वेळा तरी बदललं असेल. ऐकायला समोर कुणी नसलं की मत बदलायला काही कष्ट पडत नाहीत.

मी बीडजवळ पालीत राहतो आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरात बसून सॉफ्टवेअर लिहितो. आई गेली तेव्हा आबांना, म्हणजे वडलांना, सोबत हवी म्हणून पुण्यातली खोली सोडून आलो. महिनाभरात आबा शेतात राहायला गेले. शेळ्यांपाशी कुणी पाहिजे म्हणाले. शेत बिंदुसरा धरणाच्या कडेला, गावापासून तीन किलोमीटर. तिथं शेळ्यांचा कोठा आणि त्याला लागून एक खोली. तेव्हापासून मी गावातल्या घरात एकटा आणि आबा शेतात एकटे. एकमेकांना सोबत करायची ही तऱ्हा आमच्याच घरात निघू शकते.

एकटं वाटतं. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून ते कीबोर्डांच्या पाठीमागून आलं. दिवसभरात मी तोंडानं बोलतो ते सकाळच्या मीटिंगमध्ये, पंधरा मिनिटं. त्यात आठ माणसं असतात आणि आठांचेही कॅमेरे बंद. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय का काही. माझं कधी अडलेलं नसतं. मग दिवसभर टायपिंग. हल्ली कोड लिहून देणारं यंत्र आलंय, त्याच्याशी बोलतो. कोड बरा लिहितं, पण काहीही विचारलं की आधी म्हणतं, फार छान प्रश्न विचारलात. आमच्या घराण्यात आजवर कुणाला कुणी छान प्रश्न विचारलास असं म्हटलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं. विसाव्यांदा राग आला. आणि ते मला खोटं खोटं मस्का लावतंय हे कळूनही मी रोज त्यालाच विचारतो, कारण दुसरं विचारणार कुणाला.

बाकी मतं माझ्याकडे पुष्कळ आहेत. पायथन ही भाषा मला मठ्ठ्यासारखी वाटते, कुणालाही पचते. सी भाषेत चूक केली तर ती सासूसारखी, तोंडानं बोलत नाही, नुसती वागून दाखवते. पण सगळ्यांत जीव रमतो तो सोल्डरिंगमध्ये. राळेचा धूर नाकात जातो, कथिलाचा थेंब चकाकतो आणि बोटाएवढ्या बोर्डावर बारीक दिवा लागतो. सॉफ्टवेअरमधली चूक वाचून सापडते, हार्डवेअरमधली वासावरून. काहीतरी जळल्याचा वास आला की माझं कुळीथ शिजलं, म्हणजे काम बिघडलं, असं आबा म्हणतात. पार्ट आणायला मी मोटारसायकलवर बीडला जातो, आणि दुकानदारानं आपल्याशी दोन शब्द जास्त बोलावेत म्हणून एकदम सगळं न मागता एकेक वस्तू आठवल्यासारखं करून मागतो.

ही सवय माझी एकट्याची नाही. आमच्याकडे माणूस माणसाकडे सरळ जात नाही. काहीतरी मागायला जातो. बाया विरजण मागायला जातात, घरात अर्धा तांब्या दही असलं तरी. माणसं चुन्याची डबी मागतात, नाहीतर खुरपं. मग उंबऱ्यावर टेकतात आणि तास घालवतात, आणि जाताना खुरपं तिथंच विसरून जातात. नुसतंच बोलायला आलो, असं कुणी म्हणालं तर घरचे घाबरतील, काय झालं म्हणून. आबांचं फोनचंही तेच. कामाशिवाय फोन करायचा नाही. फोन ही कामाची वस्तू.

आणि आबांचं रोज एक काम असायचं. सकाळी साडेनऊ ते अकराच्या मध्ये कधीतरी फोन वाजायचा.

"लाईट आली का रं?"

हा प्रश्न शहरातल्या माणसाला समजावून सांगावा लागतो. आमच्याकडे घरातले दिवे, पंखा, माझा लॅपटॉप हे सगळं एका फेजवर चालतं, आणि ती बहुतेक वेळ असते. शेतातल्या मोटारीला तिन्ही फेज लागतात. त्या दिवसातून काही तास येतात, आणि कधी येतील याचा नेम नाही. लाईट आली का म्हणजे तिन्ही फेज आल्या का. माझ्या घराला लागून पिठाची गिरणी आहे, तीही तीन फेजवरच चालते. गिरणीचा पट्टा धडधडायला लागला की समजायचं, आली. शेतावरची लाईनही तीच. तेव्हा आबा शेतातून मला विचारायचे, मी कानावरचा हेडफोन काढायचो, भिंतीपलीकडची धडधड ऐकायचो आणि सांगायचो.

"आली आबा."

"आली व्हय. बरं. करतो मंग चालू."

यानंतर ते फोन ठेवायचे नाहीत. थोडं थांबायचे. मग आणखी काहीतरी निघायचं. धरणाचं पाणी किती खाली गेलं, घाटात ट्रक आडवा झाल्यामुळं गाड्या कुठवर थांबल्यात, कोणती शेळी पाला खात नाही. मी एका हातानं टाईप करत हूं हूं करायचो. मीटिंगची वेळ झालेली असली की मधेच तोडायचो. एकदा ते सांगायला लागले, "काल धरणाच्या कडंला काय झालं म्हाईत हाय का," आणि त्यांना त्याच्यातच हसू येत होतं. मी म्हणालो, "आबा, मीटिंग हाय, मागून बोलू." मागून ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मी एकदा वैतागून म्हणालोही होतो, "तिथं मोटारीपाशी कळत न्हाई का तुमाला?"

"उन्हात दिवं कुठं दिसत्यात रं," आबा म्हणाले.

शेतात फोनची रेंज एकाच जागी मिळते, विहिरीपाशी जिथं मोटारीच्या स्टार्टरची पत्र्याची खोली आहे तिथं. म्हणजे आबा मला फोन करायचे ते मोटारीच्या बटणाला जवळजवळ पाठ टेकून. ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असणं आणि कळणं यात किती अंतर असतं, ते मला पुढं समजलं.

मग ती मीटिंग झाली. परदेशातलं गिऱ्हाईक होतं, तीन महिन्यांचं काम दाखवायचं होतं, आणि दाखवायचं मला होतं. दुपार होत आली होती, लाईट त्या दिवशी उशिरा आली असावी. मी बोलत असताना फोन वाजला. हात कायम सोल्डरिंगमध्ये अडकलेले असतात म्हणून माझ्या फोनचा स्पीकर सुरूच असतो. घाईघाईनं कापायला गेलो तो उचललाच गेला, आणि साता समुद्रापारच्या सहा माणसांनी ऐकलं, "लाईट आली का रं? आं? ऐकू यीना का?" कुणीतरी हसलं. गिऱ्हाईक म्हणालं, काही तातडीचं असेल तर घ्या फोन. आमचा मॅनेजर, जो उंटावरून शेळ्या हाकतो, त्यानं पुढं आठवडाभर मीटिंगची सुरुवात "काय, आली का लाईट?" अशी केली.

मीटिंग संपल्यावर मी आबांना उलटा फोन लावला; ते अजून विहिरीपाशीच होते. आवाज चढलेला होता, ते मला अजून ऐकू येतं. "रोज रोज काय तेच ते आबा? मी काय लाईनमन हाय का?"

पलीकडे आबांनी एका शेळीला हाकललं. मग आबा म्हणाले, "बरं. ठिवतो."

दुसऱ्या दिवशी फोन आला, पण आधी दोनदा खाकरून. "कामात हायस का? न्हाई, लाईटचं विचारत होतो." मी "आली" म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि ठेवला. धरण नाही, घाट नाही, शेळी नाही.

मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी वस्तू बनवतो. आबांची अडचण काय, तर लाईट आल्याचं त्यांना कळत नाही. मग आपण अशी पेटी बनवू, जिला कळेल. तिन्ही फेज आल्या की पेटीच स्टार्टर दाबेल, मोटार चालू होईल, एखादी फेज गेली की बंद करेल आणि माझ्या कॉम्प्युटरला निरोप धाडेल. आबांनी बाजेवर पडून राहायचं. अशी पेटी बाजारात तयार मिळते, बीडच्या कुठल्याही मोटारवाल्याकडे. पण तयार आणली तर माझं त्यात काय राहिलं? वडलांसाठी आपण काहीतरी केलं म्हणायला ते हातानं केलेलं हवं होतं.

दीड महिना गेला. मोबाईलचं सिम बसवायचा जो भाग होता, तो निरोप धाडताना एकदम एवढी वीज ओढायचा की बोर्ड बेशुद्ध पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून उठायचा. पाच दिवस मी कोडमध्ये चूक शोधली. कोड बिचारा निर्दोष होता. शेवटी वीज साठवून ठेवणारा एक जाडजूड कपॅसिटर लावला आणि ते थांबलं. मग शेतात मुंग्या. बोर्डाच्या उबेला मुंग्या येतात, आणि बटण दाबणाऱ्या रिलेच्या चिमटीत चिरडून मरतात, आणि मेलेल्या मुंगीतून वीज जात नाही. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. पेटीचं प्रत्येक भोक मी मेणानं बुजवलं. तो दीड महिना मी सुखात होतो, हे खरं सांगितलं पाहिजे. मी आबांचा विचार रोज करत होतो आणि आबांचा फोन अर्ध्या मिनिटात ठेवत होतो.

पेटी बसवायला गेलो त्या रविवारी आबांनी शेळीच्या दुधाचा चहा केला आणि दाराशी उभे राहून माझं काम बघत राहिले. पत्र्याची खोली आतून अंधारी. भिंतीला स्टार्टर, आणि त्याच्या वर एका फळीवर तीन बल्ब, एकेका फेजवर एकेक. शेतकरी लोक लावतात तसे. तिन्ही सारखे लख्ख पेटले की लाईट आली. त्यांच्या काचा फडक्यानं पुसलेल्या होत्या. मी मीटर लावून तिन्हींचं व्होल्टेज मोजलं आणि वहीत लिहून घेतलं.

"हे दिवे आता काढले तरी चालतेल," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दी," आबा म्हणाले. "उजेड पडतो."

मी मान हलवली आणि स्क्रू आवळायला लागलो. दिवे मी पाहिले, मोजले, वहीत उतरवले. त्यांच्याकडे बघून काही विचारायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या धंद्यात एक चांगली रीत आहे. नवी वस्तू चालत्या कामाला लावली की लगेच तिच्या हातात कारभार द्यायचा नाही. आधी काही दिवस तिनं नुसतं बघायचं आणि लिहून ठेवायचं, हात लावायचा नाही. मीही पंधरा दिवस पेटी तशीच ठेवली. फेज कधी आल्या, मोटार कधी चालू झाली, एवढं ती वेळेसकट लिहीत होती. आबा पूर्वीसारखंच हातानं बटण दाबत होते, आणि पूर्वीसारखाच खाकरून फोन करत होते. पेटी फेज बरोबर ओळखते, एवढं मी पाहिलं आणि बाकीचं न वाचता मिटून टाकलं. मग पुढच्या रविवारी जाऊन कारभार पेटीच्या हातात दिला.

"मंजी आता मला काय करायचं न्हाई?" आबांनी विचारलं.

"काई न्हाई. निवांत पडा. मला फोन करायची बी गरज न्हाई."

आबांनी पेटीवरच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. "लई शहाणी केलीस," म्हणाले. मला त्या वेळी ते कौतुकच वाटलं होतं.

सोमवारी फोन आला नाही. पेटीचा निरोप आला: मोटार चालू. मी मीटिंगमध्ये एकदाही अडखळलो नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी गिरणी धडधडायला लागली तेव्हा मी सवयीनं हेडफोन काढला, ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं, "आली." घरात कुणी नव्हतं. माझाच आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला. तेव्हा लक्षात आलं, कालपासून मी मीटिंगखेरीज एक शब्द बोललेलो नाही.

पेटी फार चांगली चालली. माझ्या हातून झालेली सगळ्यांत निर्दोष वस्तू तीच. अडीच महिन्यांत एक दिवस चुकली नाही. मला सारखं वाटायचं, चुकावी. रोज दहा वाजले की माझा कान भिंतीला लागायचा, गिरणी सुरू झाली की मी फोनकडे बघायचो, आणि फोन काळाठिक्कर. रविवारी किराणा घेऊन शेतात जायचो. समोरासमोर आम्हाला बोलता येत नाही. बाप-लेक एका बाजेवर बसलो की दोघंही शेळ्यांकडे बघतो. आपणच फोन करावा असंही मनात यायचं, पण काय म्हणून करायचा? जे विचारायचं ते पेटी आधीच कळवून मोकळी झालेली.

मग एकदा गिऱ्हाइकाच्या देशात कसली तरी सुट्टी आली आणि मला दुपार रिकामी मिळाली. रिकाम्या माणसानं काय करावं, तर मी पेटीनं लिहिलेले सगळे आकडे उतरवून घेतले. आपल्याकडे लाईट नेमकी किती तास येते त्याचा आलेख काढू म्हटलं. पहिले पंधरा दिवस ते नुसत्या बघण्याचे होते. लाईट आली नऊ अठ्ठेचाळीसला, मोटार हातानं चालू नऊ पन्नासला. दुसऱ्या दिवशी दहा बाराला आली, दहा चौदाला चालू. तिसऱ्या दिवशीही दोनच मिनिटं.

मला आधी कौतुक वाटलं, सत्तरीचा माणूस दोन मिनिटांत बटणाला हात घालतो. मग वाटलं, पण यांना दोन मिनिटांत कळलं कसं? सांगत तर मी होतो. मी फोनमधली कॉलची यादी उघडली आणि शेजारी ठेवली.

नऊ पन्नासला मोटार चालू झाली त्या दिवशी आबांचा फोन आला होता दहा वीसला. दहा चौदाला चालू झाली त्या दिवशी दहा अडतीसला. पंधरा दिवसांत एकही फोन मोटार चालू होण्याआधीचा नव्हता. लाईट यायची, अंधाऱ्या खोलीत पुसलेले तीन बल्ब लख्ख पेटायचे, आबा बटण दाबायचे, पाटात पाणी पडायचं, ते वाफ्याला लावायचे, आणि मग हातपाय धुऊन, निवांत होऊन, त्याच तीन दिव्यांखाली उभं राहून मला विचारायचे, लाईट आली का रं. आणि मी "आली" म्हणालो की म्हणायचे, बरं, करतो मंग चालू.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं पहिल्यांदा मनात आलं. पण तसं नव्हतं. कळसा काखेत आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांना वळसाच घ्यायचा होता. आई गेल्यावर त्या माणसापाशी मुलाला फोन करायला एक निमित्त उरलं होतं, ते मी दीड महिना खपून, मेणानं भोकं बुजवून, काढून घेतलं. वर सांगून आलो, फोन करायची गरज नाही. मी स्क्रीनकडे बघत बसलो आणि रडलो. आपल्या वडलांचं विरजण मागणं ओळखता आलं नाही, आणि मी कसला चुका शोधणारा.

आता हे सरळ जाऊन सांगावं, तर तशी आमच्या घरात रीत नाही. मी "आबा, मला कळलं" म्हणालो असतो तर ते ओशाळले असते, आणि ओशाळलेला माणूस पुन्हा फोन करत नाही. कोड लिहिणाऱ्या त्या यंत्राला विचारावं म्हणून मी अर्धा प्रश्न टाईप केला आणि पुसला. तेही छान प्रश्न आहे म्हणालं असतं.

रविवारची वाट न बघता मी दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून शेतात गेलो. हातात पेचकस होता.

"आज मधीच कसा आलास रं?" आबा कोठा झाडत होते. ते खरंच घाबरलेले दिसले.

"पेटी बिघडली," मी म्हणालो. "काढून न्यावी लागंल."

आबा खराटा टेकवून माझ्या मागं खोलीत आले. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, कधी नव्हे इतका टवटवीत. आम्ही दोघांनी तो बघितला.

"बिघडली व्हय," आबा म्हणाले.

"हां. आतून बिघडलीय. वरून दिसत न्हाई."

मग आबांनी स्वतःच हात पुढं करून पेटीला खालून आधार दिला, म्हणजे मला स्क्रू काढता यावेत. पेटी पिशवीत घातली. निघताना मी म्हणालो, "तवर लाईट आल्याचं कसं कळायचं तुमाला?" हे वाक्य मी तीन किलोमीटर घोकत आलो होतो.

"बगू," आबा म्हणाले आणि शेळ्या सोडायला गेले.

मी लगबगीनं घरी आलो. पेटी टेबलावर तीन कीबोर्डांच्या मध्ये ठेवली. त्या दिवशी गिरणी सुरू झाली, धडधडली, थांबली. फोन आला नाही. मी जेवलोही नाही. मी बोललो होतो ते त्यांनी ऐकलं होतं आणि मनावर घेतलं होतं, मी काय लाईनमन हाय का. जो माणूस उन्हाचं खोटं कारण सांगून फोन करत होता, त्याला आता दुसरं खोटं सुचेना असं झालं असेल, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गिरणी दहाला सुरू झाली. दहा पाच, दहा पंधरा. सव्वादहाला मीटिंग सुरू झाली, आठ माणसं, आठ बंद कॅमेरे. माझी पाळी आली, मॅनेजरनं विचारलं, काल काय केलं, आणि मी तोंड उघडलं तेवढ्यात फोन वाजला.

"एक मिनिट," मी मीटिंगमध्ये म्हणालो. "लाईट आली का ते बघायचंय." आणि माईक बंद केला.

"हां आबा."

पलीकडे खाकरणं, एकदा, दोनदा. "कामात हायस का?"

"न्हाई. रिकामाच हाय."

"न्हाई, म्हणलं... लाईट आली का रं?"

भिंतीपलीकडे गिरणी इतकी धडधडत होती की फोनमधून त्यांनाही ऐकू जात असणार. आणि त्यांच्याकडून पाटात पडणाऱ्या पाण्याचा आवाज मला आज पहिल्यांदा ऐकू येत होता. इतके दिवस तो नव्हता असं थोडंच.

"थांबा, बगून सांगतो," मी म्हणालो. उठलो, चप्पल घातली, मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. उगाच. थोडा वेळ जावा म्हणून.

"आली आबा."

"आली व्हय. बरं. करतो मंग चालू."

फोन कुणीच ठेवला नाही. मी म्हणालो, "आबा, त्या टायमाला तुमी सांगत होता, धरणाच्या कडंला काय झालतं?"

"कवाचं रं?"

"मी मीटिंगमदी होतो बगा. तुमाला हसू येत होतं."

"आरं, ते व्हय!" आबांचा आवाज एकदम वर आला. "फोटू काढायला पोरं आलती बीडची. गाडी लावली कडंला आन् गेली पाण्याकडं. हिकडं आपली कबरी शेळी गाडीच्या टपावर. एकलीच न्हाई, तिच्या मागं दुसरी. पोरांनी फोटू काढायचे ते टाकून गाडीचेच काढले..." ते हसत सुटले, खोकला लागेपर्यंत. मीही हसलो. आत मीटिंगमध्ये माझी पाळी कधीच उलटून गेली असणार.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"पेटी सुदरायला किती दिवस लागतेल?"

"लई दिवस लागतेल आबा. पार्ट मिळत न्हाई."

पाटातलं पाणी वाजत होतं.

"बरं," आबा म्हणाले. "घाई करू नको."